जोखीम आणि दोष

मूल जन्मण्यापूर्वी अथवा जन्मल्यावर थोड्याच दिवसांत दगावले, म्हणजे त्या घरात दोन प्रश्न विचारले जातात. ‘हे कशाने झाले?’ हा पहिला, आणि ‘हे कोणामुळे झाले?’ हा दुसरा. वरवर पाहता दोन्ही प्रश्न एकाच जिज्ञासेची रूपे भासतात, आणि व्यवहारात ते बहुधा एकाच श्वासात विचारलेही जातात. तथापि पहिल्याचे उत्तर शोधणे हे शास्त्राचे काम आहे, तर दुसऱ्याचे उत्तर देणे म्हणजे न्यायनिवाडा करणे होय. आपण केवळ कारण शोधीत आहो अशा समजुतीत माणूस न्यायासनावर केव्हा जाऊन बसतो, हे त्याचे त्यालाच कळत नाही. त्या आसनापुढे आरोपी म्हणून बहुतेक वेळी एकच व्यक्ती उभी असते. ती म्हणजे नुकतीच बाळंत झालेली, दूध दाटून आलेली आणि कूस रिकामी असलेली आई. कारण आणि दोष ह्यांचा हा जो घोटाळा होतो, त्याचा थोडा विचार करण्याचे आम्ही येथे योजिले आहे.

आम्ही वैद्यकीचे अभ्यासक नाही. केंद्र सरकारच्या एका कचेरीत टिपणे लिहिणे, नोंदी ठेवणे आणि नियमांचा अर्थ लावणे हा आमचा नित्याचा उद्योग. परंतु प्रस्तुत प्रश्न जितका वैद्यकाचा आहे, तितकाच तो नोंदीचा आणि नियमाचाही आहे, आणि त्याहून अधिक तो नीतीचा आहे. म्हणून त्यास हात घालण्याचा अधिकार आम्हांसारख्यांसही थोडाबहुत पोहोचतो असे वाटते.

प्रथम शब्दांचे अर्थ निश्चित करू. गर्भ अठ्ठावीस आठवड्यांचा झाल्यावर जन्मलेल्या मुलात जीवनाचे कोणतेही लक्षण आढळले नाही, तर जागतिक आरोग्य संघटना देशादेशांच्या तुलनेसाठी तो मृतजन्म मानते. आपल्याकडील नोंदणीच्या मराठीत ह्यास ‘उपजत मृत्यू’ असा शब्द आहे. मूल जिवंत जन्मून पहिल्या सात दिवसांत गेले, तर तो नवजाताचा प्रारंभिक मृत्यू होय. ह्या दोहोंत कधी कधी एका श्वासाचेच अंतर असते. जन्म व मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ साली झाला. त्याखालील नियमांप्रमाणे ज्या मुलाने एकदाच श्वास घेतला त्याच्यासाठी जन्माचे आणि मृत्यूचे अशी दोन प्रपत्रे भरावी लागतात. ज्याने तो घेतला नाही, त्याच्यासाठी एक तिसरे, निराळेच प्रपत्र आहे. कारकुनाच्या दृष्टीने ही व्यवस्था चोख आहे. आईच्या दृष्टीने मात्र तिन्ही प्रपत्रांत एकच मूल असते.

संख्या पाहू. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०१९ साली जगात सुमारे वीस लाख मुले मृत जन्मली, म्हणजे दर सोळा सेकंदांस एक. त्यांपैकी सुमारे तीन लाख चाळीस हजार एकट्या भारतातील होती, आणि कोणत्याही एका देशापुरती ती सर्वांत मोठी संख्या होती. त्या वीस लाखांपैकी शेकडा चाळीसांहून अधिक मुलांचा प्राण प्रत्यक्ष प्रसूती चालू असताना गेला. अर्थात कळा सुरू झाल्या त्या क्षणी ती जिवंत होती. जी जिवंत जन्मली त्यांची कथा अशी की, २०२० सालच्या आपल्या नमुना नोंदणी पाहणीत दर हजार जिवंत जन्मांमागे वीस मुले पहिल्या अठ्ठावीस दिवसांत गेली, आणि त्या विसांपैकी पंधरा पहिल्या आठवड्यातच गेली. मनुष्याच्या सबंध आयुष्यात त्याच्या पहिल्या आठवड्याइतका धोक्याचा आठवडा सहसा येत नाही.

हे धोके कोणते, ह्याची यादी वैद्यकाने फार परिश्रमाने सिद्ध केली आहे. आईचे वय फार कमी अथवा पस्तिशीच्या पुढे असणे, दोन बाळंतपणांत पुरेसे अंतर नसणे, अंगात रक्त कमी असणे, गर्भारपणात रक्तदाब वाढणे, मधुमेह, उपदंश, हिवताप ह्यांसारखे संसर्ग, आई आणि मूल ह्यांचे रक्तगट परस्परांस प्रतिकूल असणे, जुळे असणे, गर्भाची वाढ खुंटणे, वार वेळेपूर्वी सुटून रक्तस्राव होणे, दिवस उलटून जाणे, मूल आडवे येणे अथवा बाळंतीण अडणे, तंबाखू, चुलीचा धूर, आधी एखादे मूल असेच गेलेले असणे. जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यात अपुऱ्या दिवसांचा जन्म, जन्मतःच श्वास न लागणे, जंतुसंसर्ग आणि जन्मजात व्यंग ही कारणे प्रमुख असतात. यादी लांब आहे, पण तिच्यातील पुष्कळ गोष्टींवर उपाय आहेत, आणि ते महागडेही नाहीत. रक्तदाब मोजणे, लघवी तपासणे, लोहाच्या गोळ्या देणे, उपदंशासाठी रक्ताची परीक्षा करून वेळीच पेनिसिलिनचे इंजेक्शन देणे, कळांच्या वेळी मुलाच्या हृदयाचे ठोके ऐकत राहणे, न रडणाऱ्या मुलास पहिल्या मिनिटातच श्वास देणे, नाळ स्वच्छ पात्याने कापणे, मुलास आईच्या उघड्या छातीशी धरून ऊब देणे, तासाभरात अंगावर पाजणे—ह्यांपैकी कोणत्याही गोष्टीसाठी अलौकिक बुद्धिमत्ता लागत नाही.

येथपर्यंत सारे निर्विवाद आहे. प्रश्न पुढेच उद्भवतो.

वरील यादी पुन्हा वाचून पाहावी. तिच्यातील बहुतेक वाक्यांचे उद्देश्य आई हेच आहे. आईचे वय, आईचे रक्त, आईचा रक्तदाब, आईचा आजार, आईचे व्यसन. मूल तिच्या देहात वाढते म्हणून शास्त्राने तिच्या देहाकडे पाहावे हे क्रमप्राप्तच आहे, आणि त्याबद्दल शास्त्रास कोणी बोल लावणार नाही. परंतु शास्त्राचे हे वाक्य दवाखान्यातून घरात आले की त्याचा अर्थ पालटतो. ‘अमुक गोष्टीने धोका वाढतो’ ह्याचे ‘तू अमुक केलेस’ असे रूपांतर होते. मग ग्रहणात सुरी हाती घेतली होतीस काय, पपई खाल्ली होतीस काय, पाण्याची घागर उचलली होतीस काय, असे प्रश्न सुरू होतात. त्यांच्या शेवटी प्रश्नचिन्ह असले तरी ते प्रश्न नसतात. आमच्या ओळखीच्या एका भगिनीस असे दुःख भोगून कामावर परतल्यावर पहिल्याच दिवशी एका हितचिंतक बाईंनी विचारले, “शेवटच्या महिन्यात फार धावपळ झाली होती का हो?” विचारणारीच्या मनात काही वाईट नसावे. पण ऐकणारीने ते वाक्य पुढे कित्येक महिने मनाशी घोळविले, आणि प्रत्येक वेळी त्याचे उत्तर ती आपल्याविरुद्धच देत राहिली.

आता ह्या यादीतील वाक्यांत जी माणसे दिसत नाहीत, त्यांचा शोध घेऊ. ‘आईचे वय अठराच्या आत’ ह्या शब्दांत तिचे लग्न लावून देणारी वडीलधारी मंडळी दिसत नाहीत. ‘रक्तक्षय’ म्हटले की सर्वांच्या मागून जेवायचे आणि उरेल ते खायचे, ही घराघरातील रीत दिसत नाही. ‘उपदंश’ म्हणताना तो तिला कोणाकडून आला, हे बहुधा कोणी उच्चारीत नाही. ‘चुलीचा धूर’ म्हणताना तिला दुसरे इंधन मिळाले नाही हे ध्यानात येत नाही. ‘रुग्णालयात उशिरा आली’ ह्या तीन शब्दांत नसलेला रस्ता, न मिळालेले वाहन, पैशांची जुळवाजुळव आणि ‘अजून वेळ आहे, थांबू या’ असे म्हणणारे घर, हे सारे गडप होऊन जाते. ती आली असे आपण म्हणतो. वस्तुतः तिला आणले गेले, अथवा आणले गेले नाही. कर्तरी आणि कर्मणी प्रयोगांतील हा भेद व्याकरणाच्या पुस्तकात कंटाळवाणा वाटतो. येथे त्यावर एका स्त्रीची उरलेल्या आयुष्यातील मनःशांती अवलंबून असते.

दुसरी गोष्ट तर्काची आहे. जोखीम ही समुदायाची भाषा आहे, आणि दोष ही व्यक्तीची. एक उदाहरण घेऊ. महाराष्ट्रातील स्त्रियांत मशेरी लावण्याची चाल पुष्कळ जुनी आहे. मुंबईतील गर्भवती स्त्रियांचा एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. बिनधुराचा तंबाखू वापरणाऱ्या स्त्रियांत मृतजन्माचा धोका इतर स्त्रियांच्या सुमारे अडीच पट असल्याचे त्यात आढळले. हे सत्य मोलाचे आहे, आणि ते प्रत्येक गर्भवतीस वेळीच सांगितले गेले पाहिजे. परंतु ह्याच सत्याची दुसरी बाजू अशी की, तंबाखू वापरणाऱ्या बहुसंख्य स्त्रियांची मुलेही जिवंतच जन्मली, आणि तंबाखूस कधी न शिवलेल्या काही स्त्रियांची मुले मृत जन्मली. हजारांचा हिशेब मांडला तर मशेरीची हानी निःसंशय दिसते. एका विशिष्ट घरातील एका विशिष्ट मुलाच्या बाबतीत मात्र ‘मशेरीनेच गेले’ असे शपथेवर सांगण्याचा अधिकार त्या हिशेबातून कोणास मिळत नाही. इतकेच नव्हे, तर सर्व तपासण्या करूनही कित्येक मृतजन्मांचे कारण अखेरपर्यंत सापडत नाही. शास्त्र जेथे ‘सांगता येत नाही’ असे नम्रपणे म्हणते, तेथे शेजारीण निःशंकपणे सांगते, हा आपल्या समाजाचा विलक्षण आत्मविश्वास आहे.

तिसरा पुरावा भूगोलाचा आहे. २०२० सालच्या त्याच पाहणीत पहिल्या अठ्ठावीस दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण केरळात हजारी चार, महाराष्ट्रात अकरा, तर मध्य प्रदेशात एकतीस होते. मुलाचा मृत्यू हा जर आईच्या हयगयीचा परिणाम मानावयाचा, तर मध्य प्रदेशातील माता केरळातील मातांपेक्षा सातआठ पट बेपर्वा असल्या पाहिजेत. हे विधान मोठ्याने उच्चारून पाहावे, म्हणजे त्यातील निर्बुद्धता आपोआप कानांस जाणवते. माया सर्व प्रांतांत सारखीच वाटली गेली आहे. शाळा, रस्ते, दाया, दवाखाने आणि लग्नाचे वय ही मात्र सारखी वाटली गेलेली नाहीत.

मराठी वाचकांस ह्या बाबतीत एक उदाहरण तर घरचेच आहे. आनंदीबाई जोशी ह्यांचे लग्न नवव्या वर्षी झाले, आणि चौदाव्या वर्षी त्यांस मुलगा झाला. तो अवघे दहा दिवस जगला. वरील यादी हाती घेऊन कोणी त्या मुलाच्या मृत्यूची चौकशी करावयास बसला असता, तर ‘आईचे वय फार कमी’ हीच नोंद त्याने प्रथम केली असती, आणि ती खरीही ठरली असती. परंतु त्या चौदा वर्षांच्या मुलीस दोषी ठरविण्याचे धैर्य आज कोणास होईल? तिचे वय हे तिचे कृत्य नव्हते. त्या काळी संमतिवयाचा कायदा व्हावयाचा होता. तो १८९१ साली झाला. मुलीच्या लग्नाचे किमान वय चौदा ठरविणारा सारडा कायदा १९२९ सालचा आहे, आणि ते वय अठरावर जावयास १९७८ साल उजाडावे लागले. म्हणजे ज्या धोक्याने ते मूल गेले असणे संभवते, तो धोका दूर करण्याची जबाबदारी जिच्यावर मुळीच नव्हती, अशी त्या घटनेतील एकमेव सज्ञान न झालेली व्यक्ती म्हणजे ती आईच होती.

पण आनंदीबाईंचे थोरपण आम्हांस आणखी एका गोष्टीत दिसते. योग्य वैद्यकीय मदत मिळाली नाही म्हणून मूल गेले, हे शल्य त्यांनी मनात धरले. ते शल्य घेऊन त्या ‘कोणामुळे?’ ह्या प्रश्नाभोवती फिरत बसल्या नाहीत. ‘काय हवे होते?’ असा तिसराच प्रश्न त्यांनी विचारला, आणि स्त्रियांची शुश्रूषा करणारी स्त्री डॉक्टर हवी होती, हे त्याचे उत्तर त्यांस सापडले. गोपाळराव टपाल खात्यातील नोकर. बदलीच्या निमित्ताने ते जोडपे बंगालात श्रीरामपुरास होते. तेथे १८८३ साली जाहीर सभेत आनंदीबाईंनी आपला अमेरिकेस जाण्याचा हेतू सांगितला. महाराष्ट्राबाहेर सरकारी नोकरीत दिवस काढणाऱ्या आम्हां मंडळींस ह्या योगायोगाचे थोडे अप्रूप वाटले, तर ते क्षम्य मानावे. १८८६ साली त्यांनी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी घेतली. प्रबंधाचा विषय होता प्राचीन हिंदूंचे प्रसूतिशास्त्र. पुढल्याच वर्षी, बावीस वर्षेही पुरी होण्यापूर्वी, त्या पुण्यास वारल्या. त्यांच्या हातून एकही रोगी बरा होण्याचा योग आला नाही. तरीसुद्धा दहा दिवसांच्या त्या मुलाच्या मृत्यूतून एका स्त्रीने जो प्रश्न निर्माण केला, तो आजही आपल्यापुढे उभा आहे.

त्या प्रश्नास शंभर वर्षांनी महाराष्ट्रातच एक उत्तर मिळाले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग ह्यांनी गडचिरोलीत १९८६ साली ‘सर्च’ ही संस्था स्थापन केली. १९९३ ते १९९५ ह्या काळात त्यांच्या प्रयोगातील एकोणचाळीस गावांत नवजातांच्या मृत्यूचे प्रमाण हजारी बासष्ट होते. गावातीलच अल्पशिक्षित स्त्रियांस त्यांनी शिकविले: न रडणाऱ्या मुलास श्वास कसा द्यावा, मुलाचे वजन कसे करावे, त्यास ऊब कशी द्यावी, जंतुसंसर्ग कसा ओळखावा आणि इंजेक्शन कसे टोचावे. तीन वर्षांत ते प्रमाण पंचवीस-सव्वीसवर आले. १९९९ साली हा वृत्तांत ‘लॅन्सेट’ ह्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला, आणि २०११ पासून घरोघर जाऊन नवजातांची काळजी घेण्याचे हे काम देशभरातील आशा सेविकांकडे सोपविण्यात आले. ह्या तीन वर्षांत गडचिरोलीच्या माता बदलल्या नव्हत्या. त्याच स्त्रिया, तीच गरिबी, तेच जंगल. त्यांच्या शेजारी एक शिकविलेली बाई येऊन बसू लागली, एवढाच फरक झाला होता. मूल गेल्यावर आईकडे बोट दाखविणाऱ्या प्रत्येकाने ही घटना ध्यानात ठेवावी असे आम्हांस वाटते.

येथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो रास्त आहे. ‘दोष कोणाचाच नाही असे ठरविले, तर सुधारणा करणार कोण? ज्याने हयगय केली त्यास जाब विचारावयाचा नाही काय?’ आमचे म्हणणे तसे नाही. दोष आणि जबाबदारी ह्या दोन वस्तू आहेत. दोष मागे पाहतो आणि एका व्यक्तीवर जाऊन थांबतो. जबाबदारी पुढे पाहते, आणि ज्याच्यापाशी जितके ज्ञान आणि जितकी सत्ता, तितकी ती त्याच्याकडे जाते. धोका ठाऊक असून आणि तो टाळण्याचे साधन हाती असून ज्याने ते वापरले नाही, त्यास जाब विचारलाच पाहिजे, मग तो कामावर हजर नसलेला डॉक्टर असो, लोहाच्या गोळ्यांची मागणी महिनोन्महिने अडवून ठेवणारी कचेरी असो, अथवा सुनेच्या तपासणीस ‘आमच्या वेळी असले काही नव्हते’ म्हणून आडकाठी करणारे घर असो. ह्या कसोटीवर आईची जबाबदारी शून्य ठरते असेही नाही. तिला ज्ञान आणि साधन दोन्ही मिळाली असतील, तर तिचाही वाटा आहेच. तंबाखू सोडण्याचा उपदेश तिला अवश्य करावा. परंतु तो करण्याची वेळ सातव्या महिन्यापूर्वीची असते, मूल पुरून आल्यानंतरची नव्हे. जी माहिती आधी दिली असता औषध ठरते, तीच नंतर दिली असता शिक्षा ठरते. औषधाची वेळ चुकवून नंतर शिक्षा करण्याची ही पद्धत आपण सोडली, तर त्यात सुधारणेचे काही नुकसान होईल असे वाटत नाही.

ह्याच्या उलट टोकास दैववाद आहे. सहाव्या रात्री सटवाई येऊन ललाटी लेख लिहून जाते, तेव्हा व्हायचे ते झाले, असे म्हणून कित्येक घरे आपले समाधान करून घेतात. ह्या समजुतीस हसणे सोपे आहे. पण तिने कित्येक आयांचे अश्रू पुसले, त्यांस दोषातून मोकळे केले, हेही मान्य केले पाहिजे. किंबहुना आपल्या चालीरीतींस ह्या आठवड्याच्या धोक्याची पुरती जाण होती असे दिसते. पाचवी पुजायची, सहावी जागवायची आणि बारसे बाराव्या दिवशी करावयाचे, ह्या क्रमात पहिला धोक्याचा आठवडा उलटेपर्यंत मुलास नाव न देण्याची सावधगिरी आहे. आधीची मुले गेली म्हणून पुढच्याचे नाव दगडू, धोंडू अथवा केरबा ठेवणाऱ्या आईबापांनी मृत्यूस चकविण्याचा एक केविलवाणा यत्नच केलेला असतो. दैववादाचा खरा तोटा असा की, तो आईस मोकळी करताना इतर सर्वांसही मोकळे करतो. रस्ता न करणारा, लग्न लावून देणारा, गोळ्या न पुरविणारा, सारेच सटवाईच्या लेखणीआड लपतात. आईस दोष देणे आणि दैवास दोष देणे, ह्या दोन्ही वाटा अखेर एकाच ठिकाणी पोहोचतात. दोहोंतही करावयाचे असे काही उरत नाही.

महाभारतात ह्या दुःखाची एक कथा आहे. अश्वत्थाम्याच्या अस्त्राने उत्तरेचे मूल गर्भातच मारले गेले आणि परीक्षित मृत जन्मला. त्या प्रसंगी कुंती, सुभद्रा आणि स्वतः उत्तरा ह्यांचा विलाप व्यासांनी विस्ताराने वर्णिला आहे. श्रीकृष्णाने ते मूल जिवंत केले, हा कथेचा भाग श्रद्धेचा आहे आणि त्याविषयी आम्हांस येथे काही म्हणावयाचे नाही. आमचे लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे जाते. कुरुकुलाचा अखेरचा अंकुर मृत जन्मला असताही त्या राजवाड्यात कोणी उत्तरेस ‘तुझे काय चुकले?’ असे विचारीत नाही. कारण सर्वांस ठाऊक आहे. ते तिच्या बाहेरचे आहे. आणि तिच्या शोकास सर्वांच्या शोकाची जोड आहे. एवढा सुसंस्कृतपणा आपल्या दोन खोल्यांच्या घरांस परवडण्याजोगा नाही, असे मानण्याचे कारण दिसत नाही.

आता अखेरचा मुद्दा, जो आमच्या व्यवसायाच्या जवळचा आहे: मोजदादीचा. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाप्रमाणे २०१९ साली भारतात दर हजार जन्मांमागे सुमारे चौदा मुले मृत जन्मली. आपल्या नमुना नोंदणीत मात्र त्या सुमारास हे प्रमाण हजारी तीन-चार इतकेच दिसते. अंदाजात थोडीफार चूक असू शकेल, पण मधले अंतर फार मोठे आहे. ह्या अंतरात जी मुले आहेत ती जन्मलीही नाहीत आणि मेलीही नाहीत, असे कागद म्हणतो. जे मोजले जात नाही त्यासाठी पैसा मंजूर होत नाही, हे कचेरीत काम करणाऱ्यास निराळे सांगावे लागत नाही. २०१४ साली सरकारने नवजातांसाठी जी राष्ट्रीय योजना जाहीर केली, तिने २०३० पर्यंत नवजातमृत्यू आणि मृतजन्म ह्या दोहोंचेही प्रमाण हजारी दहाच्या आत आणण्याचे ध्येय ठरविले. मृतजन्म हे स्वतंत्र ध्येय म्हणून कागदावर आले, ही आमच्या मते मोठी गोष्ट आहे. नोंद करणे हे शोकाचे कोरडे रूप असले, तरी ते शोकाचेच एक रूप आहे.

आमच्या आईस घरच्या माणसांत कोणी मुलांविषयी विचारले, तर ती ‘चार’ म्हणते. आम्ही भावंडे तीन. जनगणनेचा गणक दाराशी आला तेव्हा त्याने, नियमाप्रमाणे, जिवंत जन्मलेली मुले किती असे विचारले, आणि आईने ‘तीन’ असे सांगितले. दोन्ही उत्तरे खरी होती. पण कोणास कोणते उत्तर द्यावयाचे, हे तिला कोणी शिकविले नव्हते. ते तिला चाळीस वर्षांत आपोआप कळून चुकले होते. दात येण्यापूर्वी गेलेल्या मुलास अग्नी न देता भूमीत ठेवावे, त्याचे श्राद्ध करू नये, आणि होता होईतो त्याचा विषयही काढू नये, अशी आपल्याकडील रूढी. आईबापांचे दुःख लौकर विसरले जावे असा त्यामागे हेतू असेल. प्रत्यक्षात दुःख विसरले जात नाही. ते बोलण्याची मुभा तेवढी जाते.

म्हणूनच २ सप्टेंबर २०२२ रोजी केंद्र सरकारने काढलेला एक आदेश आम्हांस विशेष वाटतो. मूल मृत जन्मले अथवा जन्मानंतर अठ्ठावीस दिवसांच्या आत गेले, तर स्त्री कर्मचाऱ्यास साठ दिवसांची विशेष प्रसूती रजा द्यावी, असे त्यात म्हटले आहे. त्यास अटी आहेत. हयात मुले दोनांहून कमी असावीत, प्रसूती मान्यताप्राप्त रुग्णालयात झालेली असावी, आणि मृतजन्म म्हणजे अठ्ठावीस आठवड्यांचा अथवा त्यापुढचा. सत्तावीस आठवड्यांवर ज्यांचे मूल गेले त्यांचे दुःख ह्या रेषेअलीकडे राहते. नियमास कोठेतरी रेष ओढावीच लागते, हे आम्ही जाणतो. दुःख ती रेष ओळखीत नाही, हेही जाणतो. शिवाय तो आदेश मातेपुरता आहे, आणि पिता दुसऱ्या दिवशी कामावर हजर व्हावा ह्यात काही वावगे आहे असे अद्याप कोणास वाटत नाही. तथापि सरकारी भाषेत, जिच्यात भावनेस सहसा स्थान नसते, ह्या प्रसंगाने आईच्या जीवनावर होणाऱ्या दूरवरच्या मानसिक आघाताचा स्पष्ट उल्लेख झाला. त्यात ‘कोणामुळे?’ हा प्रश्न विचारलेला नाही. साठ दिवस मिळण्यासाठी आईस आपले निर्दोषत्व सिद्ध करावे लागत नाही. फायलीस जे जमले, ते शेजाऱ्यापाजाऱ्यांस आणि सासरमाहेरास जमू नये काय?

बृहन्महाराष्ट्रातील आम्हां मंडळींवर ह्या बाबतीत थोडा अधिक भार आहे. परक्या शहरात, सरकारी वसाहतीतल्या घरात, कित्येक मुलींच्या वाट्यास बाळंतपणात माहेर येत नाही. आई गावाहून पोहोचेपर्यंत दोन दिवस जातात. शेजारणीची भाषा निराळी असते. आणि मराठी बोलणारे असे जे चार लोक भेटीस येतात, त्यांचेच शब्द त्या मुलीच्या मनात राहतात. आधीच्या नऊ महिन्यांत तिला रक्तदाब मोजून घेतलास का, गोळ्या घेतेस का, मुलाची हालचाल नीट जाणवते का, असे विचारणारे आपण असलो, तर नंतर घागर उचलली होतीस का हे विचारण्याची गरज कमी पडेल. आणि इतके करूनही मूल गेले—कारण इतके करूनही काही मुले जातातच—तर तिच्याजवळ जाऊन बसावे, मुलगा होता की मुलगी, कोणासारखा दिसत होता, नाव काय ठेवणार होतात, एवढे विचारावे. तिने सांगितले तर ऐकावे, न सांगितले तर उगी राहावे. कारण शोधण्याचे काम डॉक्टरांचे आहे आणि ते त्यांनी कसोशीने करावे. जबाबदारी ठरविण्याचे काम आपणा सर्वांचे आहे, आणि ते पुढच्या मुलासाठी करावयाचे आहे. दोष ठरविण्याचे काम मात्र कोणीही आपल्याकडे सोपविलेले नाही.